तिसरा रूळ

हॉर्नबी म्हटलं की मुंबईच्या जुन्या माणसाला महालक्ष्मी-वरळीकडचा हॉर्नबी वेलार्ड आठवतो, नाहीतर हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. ते दोन्ही विल्यम हॉर्नबीचे. तो अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर. या पुस्तकातला हॉर्नबी वेगळा. फ्रँक हॉर्नबी, जन्म १८६३, गाव लिव्हरपूल, पेशा हिशेबनिसाचा. मांस आयात करणाऱ्या एका पेढीच्या वह्या तो लिहीत असे. यंत्रविद्येचं रीतसर शिक्षण काहीच नव्हतं. अशा माणसाने आपल्या मुलांसाठी भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या कापायला घेतल्या, १९०१ साली त्यांचं पेटंट मिळवलं, आणि त्यातून वाढलेल्या कारखान्याचे मेकॅनो संच, हॉर्नबी आगगाड्या आणि डिंकी मोटारी जगभर गेल्या. १९७९च्या नोव्हेंबरअखेर तो कारखाना बंद पडला. नाव मात्र मेलं नाही. ते कुणाकडे गेलं आणि कसं, हा या कथेतला सगळ्यात चमत्कारिक भाग आहे.

उद्योगांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात संस्थापकाच्या खस्ता असतात, पहिलं यंत्र कसं आणलं त्याची हकिकत असते आणि शेवटी भरभराट असते. बुडालेल्या कारखान्यावर आपल्याकडे पुस्तक निघत नाही; खटला निघतो. गिरणगावाचा अपवाद मोठा आहे, पण तिथेही लेखणी वळली ती संपाकडे आणि माणसांकडे. ती वळायलाच हवी होती. मालाची गोष्ट मात्र मागे राहिली: कापड नेमकं कुठे मागे पडलं, कोणत्या मागावर, कोणत्या दराला. प्रस्तुत लेखकांनी एका परक्या कारखान्याचा माल हातात धरून त्याच्या चढउताराचा माग काढला आहे. त्यासाठी त्यांनी निवडलेली वस्तू दिसायला क्षुल्लक, खेळण्यातली आगगाडी. ती क्षुल्लक का नाही, हे सांगण्याची जबाबदारी प्रस्तावनाकार म्हणून माझ्याकडे आली आहे.

हा धंदा समजून घ्यायचा तर इंजिनाकडे पाहून भागत नाही, रुळाकडे पाहावं लागतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले टिनकाम करणारे कारागीर पत्र्याच्या गाड्या बनवत. त्या जमिनीवरून ढकलायच्या किंवा दोरीने ओढायच्या. मूल गाडीला कंटाळलं की व्यवहार संपला. ग्योपिंगेन गावच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत वेगळंच काही मांडलं. गाडी होतीच, पण तिच्याबरोबर एकमेकांत बसणारे रुळांचे तुकडे, आठच्या आकड्यात जोडता येणारे, आणि रुळांच्या रुंदीची ठरीव, क्रमांक दिलेली मापं. या वर्षी वर्तुळ घ्या, पुढच्या नाताळात सांधा, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन. एकदा पहिला तुकडा घरात आला की पुढची दहा वर्षं ते घर कंपनीशी बांधलं गेलं. मापं पुढे आक्रसत गेली. १ क्रमांकाहून लहान माप हवं झालं तेव्हा त्याला शून्य म्हटलं, आणि शून्याच्याही निम्मं आलं तेव्हा जर्मनांनी ‘अर्धं शून्य’ म्हणजे एचओ केलं. आज जगात सर्वाधिक चालणारं माप तेच, १६.५ मिलिमीटर रुंदीचा रूळ.

रुळाची रुंदी म्हणजे किती गहन प्रकरण, हे मराठी वाचकाला परक्या उदाहरणाने सांगायला नको. मिरजेच्या स्टेशनात एके काळी मीटरगेज आणि नॅरोगेज दोन्ही येऊन मिळत, पुढे ब्रॉडगेजही आली. हमाल, ट्रंका, मुलंबाळं घेऊन एका गाडीतून उतरून दुसरीत चढण्याचा जो द्राविडी प्राणायाम तिथे चाले, तोच खेळण्यांच्या दुनियेत दिवाणखान्याच्या जमिनीवर चालला. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळावर धावत नाही, धावला तर तिच्या डब्याला जोडला जात नाही, जोडला गेला तर त्याला वीज पोचत नाही. यातला काही भाग तांत्रिक नाइलाजाचा होता, बराचसा हिशेबाचा.

पहिल्या महायुद्धापूर्वी ही दुनिया बहुतांशी जर्मन होती. न्यूरेंबर्गचे बिंग बंधू म्हणजे त्या काळातलं खेळण्यांचं अवाढव्य साम्राज्य. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनचा बॅसेट-लोक हा चोखंदळ माणूस ब्रिटिश रेल्वेची इंजिनं विकायचा, पण ती बनवून यायची बिंगकडूनच. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात दोघांची गाठ पडली होती. १९१४ला युद्ध पेटलं, जर्मन माल थांबला आणि ब्रिटिश दुकानांत एक मोठी रिकामी फळी तयार झाली. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनोचा नवा कारखाना उभा राहिला होता. फ्रँक हॉर्नबीची दूरदृष्टी वाखाणणाऱ्या लेखनाची कमी नाही. मला वाटतं, त्या कौतुकातला थोडा वाटा कैसरलाही द्यायला हवा.

हॉर्नबीचं खरं कर्तृत्व मेकॅनोत आहे. भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं, अर्ध्या इंचाचं, म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला नटबोल्टने जोडता येतो. कल्पना एवढीच. पण तिच्या जोरावर १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून विकलनाची समीकरणं सोडवणारं गणकयंत्र उभं केलं. आपल्याकडच्या ज्या पिढीने ‘मेकॅनिक्स’चे संच खेळले तिच्या बोटांना ही कल्पना ओळखीची आहे, मूळचा धनी कोण हे ठाऊक नसलं तरी. हॉर्नबीने मुलांचा संघ काढला, १९१६पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ चालवलं, आणि त्यात पूल, धरणं, बोटी, परदेशांतल्या रेल्वे यांच्यावर नेटकं लेखन दिलं. जाहिरात आणि शिक्षण यांची सरमिसळ इतक्या सफाईने करणारा माणूस त्या काळात दुसरा दाखवणं कठीण. पुढे तो हुजूर पक्षातर्फे एव्हर्टनचा खासदारही झाला, पण पार्लमेंटात काही ठसा उमटवला नाही.

आगगाडी आली १९२०मध्ये. पहिली हॉर्नबी गाडी शून्य मापाची, चावीवर धावणारी, आणि मेकॅनोसारखीच नटबोल्ट काढून सुटी करता येणारी. विजेवरची पहिली गाडी १९२५ची, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या इंजिनाची. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण विजेच्या गाडीचं अप्रूप त्या वर्षांत किती ताजं होतं ते यावरून कळावं. आणि धोकाही. हॉर्नबीची ती पहिली गाडी घरातल्या मुख्य विजेवर चाले. मधे विरोध म्हणून एक दिवा जोडलेला असे, एवढाच बचाव. आज एकाही देशात असं खेळणं बाजारात येऊ देणार नाहीत. कंपनीलाही लवकरच कमी दाबाच्या विजेकडे वळावं लागलं.

मग १९३८. हॉर्नबी दोन वर्षांपूर्वीच वारला होता, गादीवर मुलगा रोलंड आला होता. त्या वर्षी बिन्स रोडने ‘हॉर्नबी डब्लो’ बाजारात आणली. डबल ओ, म्हणून डब्लो. माप एचओसारखंच टेबलावर मावणारं, पण त्यात एक ब्रिटिश तडजोड होती. ब्रिटनमधली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. त्यांची १:८७ प्रमाणातली प्रतिकृती केली तर तेव्हाची मोटर पोटात मावेना. म्हणून इंजिन १:७६ प्रमाणात थोडं फुगवलं आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचाच ठेवला. खरा रूळ ४ फूट साडेआठ इंचांचा, तर हा हिशेबाने जेमतेम ४ फूट दीड इंचाचा निघतो. म्हणजे भारदस्त अंगाची इंजिनं अरुंद रुळावर उभी. ही विसंगती ब्रिटिश छंदिष्टांना आजतागायत छळते. तिच्यावर चिडून काहींनी १८.८३ मिलिमीटरचा अचूक रूळ हाताने घालायचा पंथच काढला. उरलेले सगळे मुकाट्याने ओओ चालवतात.

डब्लोचं इंजिन हातात घेतलेल्या माणसाला त्याचं वजन विसरता येत नाही. जस्ताच्या मॅझॅक नावाच्या मिश्रधातूचं ते ओतीव अंग. त्या धातूत शिशाची भेसळ राहिली तर काही वर्षांनी आतून भेगा पडतात, आणि युद्धापूर्वीचे कित्येक नमुने असे आपोआप भुगा झाले आहेत. जे टिकले ते आजही धावतात. रूळ पत्र्याच्या पायावर बसवलेला, आणि त्यात तीन रूळ: बाहेरचे दोन आणि मधोमध एक वीज नेणारा. या तिसऱ्या रुळाला नंतर फार नावं ठेवली गेली, म्हणून त्याची बाजू आधी मांडतो. मधल्या रुळातून वीज येते, बाहेरच्या दोन्हींतून परतते. त्यामुळे चाकं एकमेकांपासून अलग ठेवायची गरज नाही, ओतीव धातूची चाकं थेट आसावर बसतात. रूळ वळवून परत त्याच मार्गाला जोडला तरी शॉर्ट सर्किट होत नाही. दहा वर्षांच्या मुलाने मनाला येईल तशी मांडणी करावी आणि गाडी धावावी, यासाठी तीन रुळांची रचना निर्दोष होती. तिचा दोष एकच. खऱ्या रेल्वेला मधला रूळ नसतो.

इथे जरा लिव्हरपूलमधून बाहेर पडून इतर घराणी पाहायला हवीत, कारण लेखकांनी त्यांना अधूनमधून साक्षीला बोलावलं आहे. अमेरिकन घराणं म्हणजे लायनेल. जोशुआ लायनेल कावेनने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये सुरुवात केली ती दुकानाच्या काचेआड गिऱ्हाईक खेचायला फिरणाऱ्या गाडीने. लोक आतला माल सोडून ती गाडीच मागू लागले. लायनेलने वास्तवाची फार पर्वा केली नाही. मोठ्या, चकचकीत गाड्या, धूर सोडणारी इंजिनं, ओंडके भरणारी यंत्रं, दुधाचे कॅन उतरवणारा माणूस, आणि सगळं नाताळच्या झाडाखाली. मंदीत १९३४ला कंपनी प्रशासकाच्या हाती गेली होती. ती तरली त्याचं श्रेय लोक एक डॉलरच्या मिकी माउसच्या हातगाडीला देतात. अभ्यासक त्याच्याबरोबर नव्या आगगाड्यांच्या विक्रीलाही देतात. १९५३च्या सुमारास तिने शिखर गाठलं, आणि चारच वर्षांनी मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढण्यापर्यंत तिची मजल गेली. गाडी कुणी घेतली नाही. आज संग्राहक तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. १९५९ला कंपनी कावेनच्याच नात्यातल्या रॉय कोनच्या हाती गेली, म्हणजे सिनेटर मॅकार्थीच्या त्या प्रसिद्ध वकिलाच्या. दहा वर्षांनी नाश्त्याची धान्यं विकणारी जनरल मिल्स तिच्या गाड्या बनवत होती. इटालियनांमध्ये कोमोची रिव्हारोस्सी नाजूक कामासाठी आणि विचेंझाची लिमा स्वस्ताईसाठी ओळखली जाई. जपानचं घराणं सर्वांत शिस्तीचं: काटो आणि टोमिक्स यांच्या ९ मिलिमीटर रुळाच्या एन मापाच्या गाड्या, लहान घरांना साजेशा.

जर्मनीची कथा यांच्याहून काळोखी आहे. बिंगचं साम्राज्य १९३२ला कोसळलं. त्या घराण्यातल्या स्टेफान बिंगने बाहेर पडून ट्रिक्स कंपनी हाती घेतली आणि १९३५ला टेबलावरच्या गाड्या आणल्या. पण ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याला सगळं सोडून इंग्लंड गाठावं लागलं. खेळण्यांच्या इतिहासात असे प्रसंग अपेक्षित नसतात, म्हणून छंदिष्टांच्या पुस्तकांतून ते एखाद्या तळटीपेत उरकले जातात. इथे तसं झालेलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता पडझडीकडे. लंडनमध्ये वॉल्टर, विल्यम आणि आर्थर या तीन लाइन्स बंधूंची कंपनी होती. तीन रेषांचा त्रिकोण होतो, म्हणून त्यांच्या मालाचं नाव ट्राय-अँग. तिचाकी सायकली, बाहुल्यांची घरं, ढकलगाड्या सगळं करत. १९५१मध्ये त्यांनी रोव्हेक्स नावाची प्लॅस्टिकची छोटी कंपनी विकत घेतली. तिने आदल्या नाताळात मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांसाठी एक रेल्वेसंच केला होता. या गाड्या प्लॅस्टिकच्या, दोन रुळांच्या आणि स्वस्त. १९५४ला समुद्रकाठच्या मारगेट गावी नवा कारखाना निघाला. डब्लोच्या भक्तांनी नाकं मुरडली. प्लॅस्टिकचं इंजिन हलकं, रूळ ओबडधोबड, डबे आखूड. पण दोन रुळांत मधली पट्टी नव्हती, आणि प्लॅस्टिकमध्ये खिळ्याच्या डोक्याएवढा तपशीलही साच्यातून सुबक निघे. शिवाय ज्या बापाला डब्लोचा संच परवडत नव्हता त्याला हा परवडत होता, आणि असे बाप संख्येने पुष्कळ होते.

बिन्स रोडने उत्तर द्यायला १९५९ उजाडलं. त्या वर्षी डब्लो दोन रुळांवर आली. पण तीन रुळांचा मालही चालूच ठेवला, कारण लाखो घरांत तो होता. परिणामी तेच इंजिन दोन प्रकारांत, तोच सांधा दोन प्रकारांत, दुकानदाराच्या कपाटात दुप्पट खोकी आणि कारखान्यात दुप्पट साचे. दोन रुळांचे नवे सांधे जोडायला किचकट होते. विजेचं गणित न समजणारा मुलगा तिथे अडायचा. त्याच वर्षांत टेलिव्हिजन घराघरांत पोचला. स्केलेक्स्ट्रिकच्या शर्यतीच्या मोटारी आल्या, आणि ती कंपनीही लाइन्स बंधूंनी घेतली. खऱ्या वाफेच्या इंजिनांचे दिवस भरत आले. १९६३च्या बीचिंग अहवालाने हजारो मैलांचे मार्ग बंद करायची शिफारस केली. १९६४च्या सुरुवातीला मेकॅनो कंपनी लाइन्स बंधूंच्या ताब्यात गेली. पुढच्या वर्षी ट्राय-अँग हॉर्नबी असं जोडनाव झालं, आणि दोन्ही घराण्यांच्या डब्यांना एकमेकांशी जोडणारे खास डबे आणि रुळांचे खास तुकडे बाजारात आले. डब्लोचे साचे पुढे रेन या कंपनीकडे गेले.

या पराभवाचं खापर लेखक मुख्यतः तिसऱ्या रुळावर फोडतात. जुनं तंत्र उराशी धरून बसल्याने कंपनी बुडाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि तो त्यांनी चांगल्या पुराव्यानिशी मांडला आहे. मला तो पुरेसा पटत नाही. मेर्कलिनने तिसरा रूळ कधीच सोडला नाही. १९५०च्या दशकात त्यांनी तो लपवला एवढंच: मधली पट्टी काढून स्लीपरांमध्ये बारीक खिळ्यांचे ठिपके ठेवले, ज्यांना इंजिनाच्या पोटाखालची पट्टी घासत जाते. आजोबांची गाडी नातवाच्या रुळावर आजही धावते. लायनेलही तीन रुळांवरच जगली. तेव्हा तंत्र जुनं असणं हा काही मृत्यूचा दाखला नव्हे. बिन्स रोडची चूक मला दुसरीकडे दिसते. मेर्कलिनने आपल्या गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही की आजवर घेतलेलं विसर आणि पुन्हा पहिल्यापासून घे. हॉर्नबीने १९५९ला, जुना माल चालू ठेवूनही, नेमकं तेच सुचवलं. आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायचंच आहे म्हटल्यावर बाप साहजिकच शेजारच्या कपाटातल्या स्वस्त ट्राय-अँगकडे पाहू लागला. वीस वर्षं गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारी गाठ कंपनीने स्वतःच्या हाताने सोडली, तीही प्रतिस्पर्धी दारात उभा असताना. या मतभेदाची चर्चा आम्ही केली आहे. लेखकांनी आपलं मत बदललेलं नाही आणि मीही नाही. वाचकाने दोन्ही बाजू पाहून ठरवावं.

विजेत्यांचंही बरं झालं नाही. परदेशातल्या पसाऱ्याने आणि कर्जाने दबलेली लाइन्स बंधू १९७१ला कोसळली. मालमत्तेचे तुकडे विकले गेले. मेकॅनो आणि डिंकी, म्हणजेच बिन्स रोड, एअरफिक्सकडे गेले. मारगेटचा रेल्वे कारखाना डनबी-कॉम्बेक्स-मार्क्सने घेतला. ट्राय-अँग हे नाव वेगळं विकलं गेलं होतं, म्हणून १९७२पासून मारगेटच्या गाड्यांवर ‘हॉर्नबी रेल्वेज’ असं छापलं जाऊ लागलं. म्हणजे आज जगात जी हॉर्नबी आहे ती वंशाने ट्राय-अँग आहे. ज्या कारखान्याने हॉर्नबीला हरवलं त्यानेच त्याचं नाव लावलं. आपल्याकडे घराण्यात दत्तक आलेला मुलगा आडनाव घेतो. इथे शत्रूने घेतलं. आणि एअरफिक्स? १९७९ला बिन्स रोड बंद करणारी ही कंपनी दोन वर्षांच्या आत स्वतः बुडाली. हातोहात फिरत तिचं नाव २००६ला मारगेटच्याच हॉर्नबीकडे आलं.

यानंतरचा काळ वेगळ्या अर्थकारणाचा आहे. गिऱ्हाईक मुलगा राहिला नाही, पन्नाशीचा गृहस्थ झाला. त्याला बालपणी न मिळालेलं इंजिन हवं होतं आणि ते रिव्हेटसकट अचूक हवं होतं. एवढं हातकाम ब्रिटनच्या मजुरीत परवडेना, म्हणून १९९०च्या दशकात उत्पादन चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात गेलं. दर्जा अफाट सुधारला. पण हॉर्नबी, लायनेल अशा वेगवेगळ्या झेंड्यांचा माल सांदा कान नावाच्या एकाच बाहेरच्या कारखान्यात तयार होऊ लागला. तो कारखाना पुढे हाँगकाँगच्या केडर समूहाने घेतला, म्हणजे हॉर्नबीची थेट प्रतिस्पर्धी बॅकमन ज्यांची आहे त्यांनीच. मग माल वेळेवर मिळेना. २०१२च्या ऑलिंपिकच्या आठवणवस्तूंवर लावलेला डाव फसला तो वेगळाच. मेर्कलिनही सुटली नाही. २००६ला ती गुंतवणूकदार निधीच्या हाती गेली आणि ४ फेब्रुवारी २००९ला, आपल्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. पण तिचा रूळ आणि तिचे गिऱ्हाईक शाबूत होते. २०१३ला सिंबा-डिकी या खेळण्यांच्या घराण्याने ती घेतली, आणि ती आजही चालू आहे. माझ्या वरच्या मुद्द्याला हा एक पुरावा मी जोडून ठेवतो.

इंग्रजीत या विषयावर तीन तऱ्हांचं लेखन आहे. पहिलं संग्राहकांचं: कोणत्या साली कोणत्या डब्याचा रंग कोणता, खोक्यावरची अक्षरं कशी. पॅट हॅमंडचे रोव्हेक्सवरचे जाडजूड ग्रंथ या जातीत श्रेष्ठ. त्यांच्याशिवाय पुढचं काहीच लिहिता आलं नसतं. दुसरं उद्योगेतिहासकारांचं. केनेथ ब्राउन यांनी मेकॅनो कंपनीच्या कागदपत्रांतून तिचा हिशेबी इतिहास लिहिला आहे, आणि संस्थापकाच्या दंतकथेला त्यात बऱ्यापैकी चाप बसला आहे. तिसरं लेखन हळवं, ‘आमच्या वेळी’ छापाचं. ते सर्वाधिक खपतं. प्रस्तुत पुस्तक पहिल्याकडून तपशील आणि दुसऱ्याकडून दृष्टी घेतं आणि तिसऱ्यापासून कसोशीने लांब राहतं. इतकं लांब, की कधीकधी वाटतं, खेळणाऱ्या मुलाचा आनंदही थोडा आत यायला हरकत नव्हती. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या सुरू झाल्यावर काचेला नाक लावून बसणाऱ्यांत मुलांइतकेच त्यांचे वडीलही असतात. त्या वडिलांचं मन समजल्याखेरीज या धंद्याचा उत्तरार्ध समजत नाही, आणि ते काम पुस्तकाने थोडं घाईत उरकलं आहे.

हे सगळं मराठीत आत्ता का? आपल्याकडे २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. चिनी मालाने भरलेल्या फळ्या हळूहळू रिकाम्या होत आहेत, १९१४ला लिव्हरपूलसमोर झाल्या होत्या तशाच. अशा वेळी सरकारी भाषणांतून सावंतवाडीच्या लाकडी फळांचा आणि चन्नपट्टणच्या बाहुल्यांचा गौरव होतो. गौरव रास्तच आहे. पण फळी रिकामी होणं ही केवळ सुरुवात असते. पहिला तुकडा घरात गेल्यावर दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक परत का यावं, याचं उत्तर ज्याच्याकडे असेल तो टिकेल. लघुउद्योगाच्या कर्जाचे अर्ज भरणाऱ्या तरुणाने संस्थापकाची प्रेरणादायी गोष्ट वाचण्याऐवजी डब्लोच्या दुहेरी खोक्यांनी भरलेल्या दुकानदाराच्या कपाटाची गोष्ट वाचावी, असं मी म्हणेन.

ही कथा अजून मिटलेली नाही. २०२२मध्ये हॉर्नबीने १:१२० प्रमाणाची, १२ मिलिमीटर रुळाची टीटी गाडी आणली, आणि सुरुवातीला ती दुकानदारांना वगळून थेट गिऱ्हाइकाला विकली. गंमत अशी की ट्राय-अँगनेही १९५७ला १२ मिलिमीटर रुळाची टीटी काढली होती आणि काही वर्षांत गुंडाळली होती. पुन्हा नवा रूळ, पुन्हा पहिल्यापासून घ्या असं सांगणं. या वेळीही जुनं ओओ चालूच आहे, पण नवं माप नव्या, लहान घरांतल्या नव्या माणसांसाठी आहे, असा कंपनीचा युक्तिवाद. तो फळतो का हे पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत कळेल.

एक सूचना वाचकाला. प्रकरणं लावलेल्या क्रमाने वाचायची सक्ती नाही. बिन्स रोडच्या शेवटच्या आठवड्यांचं प्रकरण मी आधी वाचा म्हणेन. टाळं लागल्याचं कामगारांना जवळपास ऐनवेळी कळलं, आणि त्यांनी कारखाना ताब्यात घेऊन ठिय्या दिला. रंगकाम, जुळणी, खोक्यात भरणं ही कामं करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. संग्राहकांच्या ग्रंथांत इंजिनाच्या रंगछटांची नोंद असते, तो रंग देणाऱ्या हातांची नसते. लेखकांनी त्या ठिय्याला सबंध प्रकरण दिलं आहे. ते वाचून मग १९०१च्या पेटंटकडे वळलं की फ्रँक हॉर्नबीचं पान वेगळ्या नजरेने वाचलं जातं.